“हो सर!” म्हणणाऱ्या मुलांना खरेच समजले का?

धडा संपताना करून पाहण्याजोगे काही साधे उपक्रम



आपल्यापैकी अनेकांनी गोंदिया जिल्ह्यातील एखाद्या शाळेला, वसतिगृहाला किंवा संध्याकाळच्या अभ्यासवर्गाला भेट दिली असेल. तेथे एक दृश्य हमखास दिसते. धडा शिकवून झाला की शिक्षक विचारतात, “समजलं का?” आणि सगळा वर्ग एका सुरात उत्तर देतो, “हो सर!” पाहुण्यांना समाधान वाटते, शिक्षकांना हुरूप येतो आणि फळा पुसला जातो.

सालेकसा तालुक्यातील एका टोल्यावर मी काही महिने चौथी-पाचवीच्या मुलांचा अभ्यासवर्ग घेत होतो. हातच्याची वजाबाकी शिकवून झाली होती आणि “हो सर” मीही रोज ऐकत होतो. एका संध्याकाळी मी प्रत्येकाला पाटीवर ५२ वजा २७ करायला सांगितले. शेजाऱ्याचे पाहायचे नाही, बोलायचे नाही, आणि मी “वर” म्हटले की सर्वांनी एकदम पाट्या वर करायच्या. अठरा पाट्या वर आल्या. सात पाट्यांवर २५ हे बरोबर उत्तर होते. नऊ पाट्यांवर ३५ होते. दोन पाट्या कोऱ्या होत्या, आणि त्यातली एक पहिल्या रांगेत बसून सर्वांत मोठ्याने “हो” म्हणणाऱ्या मुलीची होती.

त्या दिवशी मला लाज वाटली, पण शिकायलाही मिळाले. आठवडाभर मी जे शिकवत होतो, ते अर्ध्याहून अधिक मुलांपर्यंत पोहोचलेच नव्हते. ते कळायला मला दोन मिनिटे लागली. हीच दोन मिनिटे रोज कशी वापरावीत, याविषयी हा लेख आहे.

एका सुरातला होकार काय झाकतो?

मुले खोटे बोलतात म्हणून “हो” म्हणत नाहीत. “समजलं का?” हा प्रश्न ऐकला की “हो” म्हणायचे, अशी वर्गाची रीतच पडलेली असते. “नाही” म्हटले तर सगळे वळून पाहतात. शिवाय आपल्याला समजले नाही हे कळण्यासाठीही थोडे समजलेले असावे लागते. ज्या मुलाने ५२ वजा २७ चे उत्तर ३५ काढले, त्याला स्वतःला आपले उत्तर बरोबरच वाटत होते.

शिक्षक नाव न घेता प्रश्न विचारतात तेव्हाही तेच घडते. तीन-चार हुशार मुलांचे हात वर जातात, त्यांच्यातला एक बरोबर उत्तर देतो आणि धडा पुढे सरकतो. मागे बसलेल्या मुलाविषयी आपल्याला काहीच कळलेले नसते.

आपल्या भागात याला आणखी एक कारण आहे. गोंदिया जिल्हा मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्या सीमेला लागून आहे. सालेकसा, देवरी या भागांतील काही घरांत गोंडी बोलतात, काहींत हलबी किंवा छत्तीसगढी. इतरत्र पोवारी आणि झाडीबोली. पुस्तकाची मराठी या मुलांना शाळेतच भेटते. त्यातही गोंडी ही द्राविडी कुळातील भाषा आहे. पाण्याला ‘येर’ आणि गावाला ‘नार’ म्हणणाऱ्या घरातून आलेल्या मुलाला पहिलीत मराठी जवळजवळ परकीच असते. असे मूल इतरांकडे पाहून हसते, इतरांसोबत “हो” म्हणते आणि वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात येत नाही.

याची किंमत पुढे मोजावी लागते. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा घेऊन अनुत्तीर्ण मुलांना त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये तसा नियम केला. म्हणजे तिसरीत वजाबाकी सुटलेले मूल पाचवीत अडू शकते. अडलेले मूल घरी बसायला वेळ लागत नाही, कारण घरी त्याच्या हाताला काम असतेच. ते पाचवीत कळण्यापेक्षा तिसरीतल्या त्या तासालाच कळणे किती सोपे!

नियमात हे आधीपासून आहे

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २९ मध्ये तीन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावे. मूल भीती व चिंतेपासून मुक्त असावे आणि त्याला मोकळेपणाने बोलता यावे. आणि त्याला काय समजले व ते किती वापरता येते, याचे सतत व सर्व बाजूंनी मूल्यमापन व्हावे.

त्याला धरून महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० रोजी ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापना’चा निर्णय काढला. त्यात मूल्यमापनाचे दोन भाग केले: आकारिक आणि संकलित. हे शब्द जड वाटतात, पण कुंभाराकडे पाहिले की चटकन कळतात. मडके ओले असताना कुंभार आत एक हात धरून बाहेरून थापीने ठोकत जातो. कुठे पातळ झाले, कुठे वाकले हे हाताला कळते आणि तिथेच सुधारता येते. हे आकारिक मूल्यमापन. भट्टीतून काढलेले मडके वाजवून पाहणे म्हणजे संकलित मूल्यमापन. तेव्हा तडा कळतो, पण बुजवता येत नाही.

म्हणूनच लहान वर्गांत आकारिक भागाला अधिक वजन दिले गेले. पहिली-दुसरीला शंभरपैकी ७० गुण आकारिक व ३० संकलित, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला निम्मे निम्मे, तर सातवी-आठवीला ४० आणि ६०. आकारिक मूल्यमापनाची आठ साधनेही सांगितली: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक किंवा प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय किंवा वर्गकार्य, आणि इतर, या शेवटच्यात स्वयंमूल्यमापन व सहाध्यायी मूल्यमापनही येते.

तेव्हा पुढे दिलेले उपक्रम बाहेरून आणलेले नाहीत. ते या आठ साधनांतच बसतात. मात्र नोंदवही भरली म्हणजे मूल्यमापन झाले असे होत नाही. मुलाला काय येते हे पाहून उद्याचा तास बदलला, तरच ते झाले.

करून पाहण्याजोगे उपक्रम

*१. पाटी वर.* सर्वांत सोपा आणि सर्वांत उपयोगी. एक प्रश्न, एक पाटी, आणि सर्वांनी एकदम वर. प्रश्न असा निवडावा की चुकीचे उत्तरही काही सांगेल. ५२ वजा २७ मध्ये ३५ लिहिणारे मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते: सातातून दोन गेले पाच. त्याला वजाबाकी येते. दशक मोकळा करून दहा एकक घ्यायचे असतात हे कळलेले नाही. ७९ लिहिणाऱ्याने बेरीज केली, म्हणजे त्याचे चिन्हाकडे लक्ष नाही. दोघांनाही “चूक” म्हणून सोडून दिले तर दोघांनाही मदत होत नाही.

*२. बोटांनी उत्तर.* पाट्या नसतील तर फळ्यावर तीन पर्याय लिहावेत. मुलांनी डोळे मिटून छातीशी एक, दोन किंवा तीन बोटे धरायची. डोळे मिटल्यामुळे शेजाऱ्याचे पाहता येत नाही आणि कुणाची थट्टाही होत नाही.

*३. अंगणातली रेषा.* लहान मुलांना बसून कंटाळा येतो. अंगणात फक्कीने किंवा काठीने एक रेषा ओढावी. एक बाजू ‘बरोबर’, दुसरी ‘चूक’. शिक्षक वाक्य सांगतात: “वटवाघूळ हा पक्षी आहे.” मुलांनी धावत आपली बाजू घ्यायची. नंतर दोन्ही बाजूंच्या एकेका मुलाने कारण सांगायचे आणि कारण पटले तर कुणीही बाजू बदलायची. मुले मित्रामागे धावतात हा यातला दोष. म्हणून आधी उत्तर तळहातावर बोटाने लिहायला लावावे, मग धावू द्यावे.

*४. मांडून दाखव.* ज्या मुलाला लिहिता येत नाही किंवा मराठी शब्द सापडत नाही, त्याच्या हातात वस्तू द्याव्यात. चिंचोके, खडे, काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण इथे पाढ्याच्या कामी येते: पळसाचे चार देठ दिले तर पाने किती? मूल मोजून सांगते की तीन-तीन उड्या घेऊन सांगते, हे पाहिले की त्याला गुणाकार कितपत कळला ते दिसते. मोठ्या मुलांसाठी तेंदूपानांचे पुडके आहेच. एका पुडक्यात ७० पाने, तर पाच पुडक्यांत किती? मे महिन्यात आईबापांसोबत पुडकी बांधणारी मुले हे तोंडी सांगतात, आणि तीच मुले वहीत ७० गुणिले ५ ला अडखळतात. अडचण कुठे आहे ते मग वेगळे सांगावे लागत नाही.

*५. सरांची चूक शोधा.* शिक्षकांनी फळ्यावर मुद्दाम चूक करावी आणि कुठे चुकले ते शोधायला सांगावे. बुजरी मुलेही यात पुढे येतात. मोठ्या माणसाची चूक दाखवण्यात मजा असते, आणि चूक होणे ही लाजेची गोष्ट नाही हेही न सांगता शिकवले जाते.

*६. काड्यांचा डबा.* बांबूच्या काड्यांवर प्रत्येकाचे नाव लिहून त्या डब्यात ठेवाव्यात. आधी प्रश्न विचारावा, मग थांबावे, मग काडी काढावी. नाव आधी घेतले तर बाकीचे विचार करणे सोडून देतात. थांबणे महत्त्वाचे आहे. अमेरिकेतील संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गातील प्रश्नोत्तरे तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एखादाच सेकंद थांबतात असे आढळले. तीन सेकंद थांबले की उत्तरे लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागली. दुसऱ्या भाषेत विचार करणाऱ्या मुलाला तर याहून अधिक वेळ हवा. ज्याची काडी निघाली त्याला उत्तर येत नसेल, तर “मित्राची मदत घेऊ का?” असे विचारण्याची मुभा असावी, पण मदत मिळाल्यावर उत्तर त्यानेच सांगायचे.

*७. दारावरची चिठ्ठी.* सुट्टी होण्यापूर्वी प्रत्येकाने कागदाच्या चिटोऱ्यावर दोन ओळी लिहायच्या: आज मला काय कळले, आणि काय कळले नाही. लिहिता न येणाऱ्याने चित्र काढावे किंवा दारात शिक्षकांच्या कानात सांगावे. चिठ्ठीवर गुण द्यायचे नाहीत. गुण दिले की मुले पुन्हा “सगळे कळले” असे लिहू लागतात.

हे सातही उपक्रम एकाच दिवशी करायचे नाहीत. एका तासाला एक पुरे, आणि तोही पाच मिनिटांत आटोपणारा.

भाषा वेगळी, समज वेगळी

आपल्या भागातील शिक्षकांनी आणि स्वयंसेवकांनी एक गोष्ट विशेष सांभाळावी. समजा, बाष्पीभवनाचा धडा झाला आणि एका मुलाने लिहिले: ‘उनाने पानी वर गेला.’ झाडीबोलीत ण, ळ, श हे उच्चार नाहीत, म्हणून त्याच्या घरी ‘पानी’च म्हणतात. लाल शाईने ‘पाणी’ असे दुरुस्त करून अर्धे गुण कापले, तर त्या मुलाला वाटेल की त्याला बाष्पीभवन कळले नाही. प्रत्यक्षात ते त्याला चांगले कळले आहे. विज्ञानाच्या तासाला विज्ञान पाहावे, शुद्धलेखन भाषेच्या तासाला.

म्हणून तपासताना एक पायरी मुलांच्या बोलीत ठेवावी. दोन-दोन मुलांच्या जोड्या करून सांगावे, “आज काय शिकलात ते एकमेकांना घरच्या बोलीत सांगा.” शिक्षकांना ती बोली येत नसली तरी चालते. कोण बोलते आहे, कोण हातवारे करून समजावते आहे आणि कोण गप्प आहे, हे दिसतेच. मग एकाने तेच मराठीत सांगावे. वस्तीवरील एखादी शिकलेली ताई मदतीला बसली तर आणखी उत्तम.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात आणि गुरे चारायच्या कुरणात गेली. खडे, पाने, बिया, शिंपले हेच शिक्षणाचे साहित्य झाले. मुलाच्या हातातल्या ओळखीच्या वस्तूतून शिकवणे आणि त्याच वस्तूतून त्याला काय कळले ते पाहणे, ही वाट त्यांनी तेव्हाच घालून दिली.

तपासल्यानंतर काय?

चिठ्ठ्या किंवा पाट्या पाहून झाल्या की मनात तीन ढीग करावेत: कळले, थोडे कळले, कळले नाही. मग दुसऱ्या दिवशीचे ठरते.

अर्ध्याहून अधिक वर्ग शेवटच्या दोन ढिगांत असेल, तर मुलांना दोष देऊ नये. धडा पुन्हा घ्यावा, पण तशाच शब्दांत तोच धडा मोठ्या आवाजात नको. वस्तू बदलावी, उदाहरण बदलावे. चार-पाच मुलेच मागे असतील, तर बाकीच्यांना स्वाध्याय देऊन त्यांना दहा मिनिटे जवळ बसवावे. सर्वांना आले असेल, तर पुढे जावे. मात्र आठवड्याने तोच प्रश्न एकदा पुन्हा विचारावा, कारण आज आलेले परवा विसरले जाते. रोवणीच्या दिवसांत किंवा कुटुंब मजुरीला बाहेर गेल्यामुळे जी मुले गैरहजर होती, त्यांची नावे वेगळी लिहून ठेवावीत. ती मुले कोणत्याच ढिगात नसतात, म्हणून सर्वांत आधी विसरली जातात.

वाचनासाठी ‘प्रथम’ संस्थेने २००५ पासून ‘असर’ पाहणीत वापरलेली पद्धत कुणालाही वापरता येईल. मुलाला एकेकटे जवळ बसवून अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात. मूल जिथवर सहज जाते, ती त्याची आजची पायरी. पाचवीतले मूल शब्दांच्या पायरीवर असेल, तर त्याला पाचवीचे पुस्तक पाठ करायला लावण्यात अर्थ नाही. शब्दांपासूनच सुरुवात करावी.

याचा उपयोग होतो का, असे कुणी विचारील. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी सुमारे २५० अभ्यासांचा आढावा घेऊन १९९८ मध्ये निष्कर्ष मांडला: शिकवता शिकवता तपासत गेल्याने आणि त्याप्रमाणे शिकवणे बदलल्याने मुलांची प्रगती वाढते, आणि मागे पडलेल्या मुलांना त्याचा अधिक लाभ होतो.

आपण काय करू शकतो?

वाचकहो, आपण शिक्षक नसलात तरी यात आपला वाटा आहे. मंडळीच्या संडे स्कूलमध्ये शिकवत असाल, तर गोष्ट सांगून झाल्यावर “समजली का?” असे विचारू नका. मुलांना ती गोष्ट चित्रांतून क्रमाने लावायला सांगा किंवा करून दाखवायला सांगा. वसतिगृहाला भेट द्याल, तेव्हा मुलांना पाढे म्हणून दाखवायला सांगण्याऐवजी एखाद्या मुलाशेजारी बसा आणि म्हणा, “हे मला येत नाही, तू शिकव.” जे त्याला शिकवता येईल, ते त्याला आले आहे. अभ्यासवर्गाला काही द्यायचे मनात असेल, तर प्रत्येक मुलाला एक पाटी आणि पेन्सिलींची पेटी ही मोठी देणगी आहे. आठवड्यातून एक तास देऊ शकत असाल, तर त्या चार-पाच मागे राहिलेल्या मुलांजवळ बसा. शिक्षकांना एकट्याने तेच जमत नाही.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या मुलीचे पुढे काय झाले, तेही सांगतो. दुसऱ्या दिवशी मी तिच्यासमोर ५२ चिंचोके ठेवले आणि म्हटले, “यातले २७ तुझ्या भावाला दे.” तिने दहा-दहाचे पाच ढीग केले, दोन सुटे ठेवले. दोन ढीग उचलून बाजूला दिले, एक ढीग मोडला, त्यातले पाच आणि ते सुटे दोन दिले. मग मोजायच्या आधीच म्हणाली, “पंचवीस.” दशक मोकळा करणे तिला माझ्या शिकवण्याआधीच येत होते. ‘वजा’ म्हणजे काय करायचे, एवढेच तिला कुणी तिच्या शब्दांत सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते.

त्यानंतर पाटीवर २५ लिहायला तिला चार दिवस लागले. आता ती “हो सर” पूर्वीइतक्या मोठ्याने म्हणत नाही. कधी कधी “नाही सर” म्हणते. ते ऐकले की मला बरे वाटते.